अकरा मिनिटांची पायवाट

—नाही नाही, त्या ढिगावर नका बसू मॅडम, ते दोर तपासायचेत अजून, ते स्टूल घ्या, हां, एक पाय आखूड आहे त्याचा, तेवढा सांभाळा. फाइल मांडीवर ठेवायची तर ठेवा, पण उघडायची घाई नको. काय विचारलंत? काय झालं. आता काय झालं म्हणजे काय, तीन दिवस तेच तर सांगतोय, संस्थेला फोनवर सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, आता तुम्हाला सांगतो — पाय घसरला. कड्यावर उभा होता, पाय घसरला, तोंडावर आपटला. जबडा मोडला, तीन बरगड्या मोडल्या. झालं, संपलं. बावीस वर्षं मी पोरांना हा कडा उतरवतोय, घसरणारा माणूस मला नवा नाही. — हात? हा होय? दोराने भाजला. दोर सरकला की सोलून काढतो, तुम्ही ऑफिसातली माणसं, तुम्ही कधी धरला नसेल म्हणून सांगतो. — मुठीवर कसा भाजला? बघा, डोळे आहेत तुम्हाला. दोर तळहात सोलतो, मुठीची हाडं नाही सोलत, बरोबर आहे. चहा घेणार? नको? मग राहिलं.

मी हातातलं काम करत करत बोलतो, चालेल ना — चार वाजता पोरांची बस आहे, आणि सोमवारी पुढची चाळीस पोरं येतात, त्याआधी हे सगळे दोर बोटांखालून गेले पाहिजेत. असं बघा, डोळे मिटायचे आणि दोर चिमटीतून सोडायचा, वीतवीत. वरून धडधाकट दिसतो, पण आत कुठे तुटला असेल तर तिथे बोटाला मऊ लागतं. लागलं की कापायचा, दया नाही. पहिल्या दिवशी पोरांना कडा दाखवतच नाही मी, इथे आणून बसवतो आणि डोळे मिटायला लावतो. बडबड करणारी पोरंसुद्धा गप्प होतात. आणि सापडलं ना कोणाला मऊ, तर सुरी त्याच्याच हातात देतो, काप म्हणतो. बारा-तेरा वर्षांचं पोर, त्याला घरी कोणी कांदा कापू देत नाही, आणि इथे त्याच्या एका शब्दावर हजारोंचा दोर भंगारात जातो. मी शिकवत नाही हो, मी विचारतो. गाठ चुकली तरी हात लावत नाही, नुसतं विचारतो, यावर लटकशील का? मग ते पोर बघतं, सोडतं, परत बांधतं. आपण हात लावला की शिकणं संपलं, ते लगेच आपल्या तोंडाकडे बघायला लागतं, हे मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगतो. सरड्याला तर शंभरदा सांगितलं असेल.

सरडा म्हणजे तोच, दवाखान्यात आहे तो. मीच ठेवलेलं नाव. चौदा वर्षांचा होता, पहिल्यांदा इथे आला तेव्हा, भिंतीला असा चिकटायचा आणि मान वळवून बघायचा की सगळी पोरं म्हणाली सर हा सरडा आहे. मग दर वर्षी यायला लागला, मग माझ्या हाताखाली लागला, मग शिक्षक झाला. अठरा वर्षं. पोटच्या पोरासारखा — नाही, हे नका लिहू. लिहू नका म्हणलं ना! पेन खाली ठेवा. खाली ठेवा ते पेन आधी! … हां. बसा, बसा. टेबलावर हात आपटला फक्त, तुम्हाला काही करणार नव्हतो. माझा आवाजच तसा आहे, कड्याखालून वर ओरडून ओरडून झालाय.

तर भिंतीवर ते रंगवलंय ना मोठ्या अक्षरात, 'थांब', तो आमचा एकच नियम. कोणीही म्हणो, पोर म्हणो, स्वयंपाकीण म्हणो, थांब म्हणलं की दोर थांबला, हात थांबले, सगळं थांबलं. का म्हणून कोणी विचारायचं नाही. ते सगळं संध्याकाळी, गोल करून बसल्यावर. तुमच्या माहितीपत्रकात छापलंय तुम्ही, पहिल्या पानावर, माझ्या फोटोच्या खाली. आणि दुसरं म्हणजे दोर कोणी धरायचा ते पोर ठरवतं. वरून उतरताना सुरक्षेचा दोर कड्यावरच्या कडीतून खाली येतो, खाली एकजण तो धरून उभा असतो, पोर निसटलं तर तोच झेलणार. त्या माणसावर पोराचा जीव, मग माणूस त्यानेच निवडायला नको?

ती पुटपुटी. तेरा वर्षांची. गाठ बांधताना ओठातल्या ओठात पुटपुटते म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव, ती काही रागावत नाही. आठ दिवसांत मोजून वीस शब्द बोलली असेल. पण कड्यावर पहिल्याच दिवशी, कोणी धरायचा तुझा दोर म्हणलं, तर सरळ माझ्याकडे बोट केलं तिने. रोज मीच. तुम्हाला नाही कळायचं मॅडम, एवढीशी पोर शंभर माणसांतून तुमच्याकडे बोट करते ना, तेव्हा छातीत काय होतं ते. त्या दिवशी मी खाली होतो तिचा दोर धरून, आणि सरडा वर, पोरांना एकेक करून कड्यावरून सोडायला. वर अजून सहा पोरं होती. वरच्या सगळ्यांच्या कमरेला आखूड दोरी असते, खडकात ठोकलेल्या कडीला अडकवलेली, पोरांच्याही आणि शिक्षकाच्याही, म्हणजे कोणी चुकून कड्यापलीकडे जायला नको. हात-दीड हात हलता येतं, जास्त नाही.

पुटपुटी कड्यावर आली आणि अडकली. अडकतात हो, दहातली चार पोरं अडकतात. मागे लोखंडी दांडा आहे, तो धरला तिने दोन्ही हातांनी. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पुटपुटत होती ती. थांब म्हणत होती, तीनदा म्हणाली, मला खाली नाही आलं ऐकू, वरच्या पोरांनी नंतर सांगितलं. पण सरड्याला आलं ऐकू. दोन हातांवर होता तो. आणि त्याने काय करावं — हसला, आणि तिची बोटं दांड्यावरून सोडवली, एकेक, एकेक बोट, आणि पाठीवर तळवा ठेवून ढकललं. मला खाली नुसता हिसका बसला. माझा दोर थोडा सैल होता — थोडा म्हणजे, होता — ती दीड पुरुष खाली आली आणि खडकावर तोंड आपटलं. पुढचा दात तुटला, ओठ फाटला. उतरवली मी तिला, हळूहळू, नियमाप्रमाणे, कडी सोडली, तोंड धुतलं, फडकं दाबून धरायला दिलं. रडली नाही. घरी फोन लावून दिला तर 'पडले' एवढंच म्हणाली वडिलांना, आणि राहते म्हणाली शेवटपर्यंत.

आणि मग सरडा घसरला. — म्हणजे? मी वर कसा? मी वर… हं. नाही, खालून वर जायला पायवाट आहे ना मागून. किती वेळ? अकरा मिनिटं. बावीस वर्षं चाललोय, दहा नाही बारा नाही, अकरा मिनिटं. — अहो, तुम्ही असं फाइलीवर हात ठेवून गप्प बसू नका माझ्यासमोर! पोरांनी लिहून दिलंय ना तुम्हाला? मला माहितीये तुम्ही सकाळी जेवणघरात बसून सातही पोरांकडून लिहून घेतलंत, स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं मला. मग आता वाचून दाखवायचं का माझ्याच तोंडावर? काही गरज नाही. मीच सांगतो. हो, मारलं. मीच मारलं त्याला. डोकं फिरलं होतं असं म्हणायला तुम्ही मला जागा ठेवलीत खरी, पण अकरा मिनिटं कोणाचं डोकं फिरत नाही. अर्ध्या वाटेत मी थांबलो, घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं. काच फुटेल म्हणून. बघा, एवढा शुद्धीत होतो मी.

वर गेलो, आधी स्वतःची दोरी कडीला अडकवली. ते कधी चुकत नाही. मग त्याला मारलं. पहिली कानाखाली, तो हसत होता ना अजून, सर काही नाही झालं तिला म्हणत. मग पोटात. मग तो खाली बसला तसा बुटाने बरगड्यांत, एकदा, दोनदा, आवाज आला, सुकी फांदी मोडते तसा. त्याला पळता येत नव्हतं मॅडम. तो बांधलेला होता, मी शिकवल्याप्रमाणे, चोख गाठ. हातांनी डोकं झाकायचा, तर मी त्याचं शिरस्त्राण ओढून काढलं आणि त्यानेच त्याच्या उजव्या हातावर हाणलं. आणि ती सहा पोरं — ती पण बांधलेली. त्यांनाही हलता येत नव्हतं. एवढ्या अंतरावर, हे बघा, तुम्ही बसलाय ना एवढ्या. एका पोराच्या पायावर रक्ताचे शिंतोडे उडाले तर ते पाय पोटाशी घेऊन बसलं. डोळे मिट म्हणायलाही सुचलं नाही मला.

काय बघताय? जनावर म्हणा की. म्हणा. तुम्ही त्या पोरीचं तोंड बघितलं असतंत ना, तर तुम्हीही — नाही, तुम्ही नसतं मारलंत. मी मात्र मारातच शिकलो. माझा जो गुरू होता तो दोराच्या टोकाला गाठ मारायचा आणि पोटऱ्यांवर हाणायचा, गाठ चुकली की फटका, पाय थरथरला की फटका, माझ्या पोटऱ्या आजही थंडीत ठणकतात. आणि मी काय कमी होतो? सरडा चौदाचा असताना असाच अडकला होता. तोच कडा. पहिलंच वर्ष माझं शिक्षक म्हणून — नाही, चौथं, खोटं कशाला बोलू, चौथं वर्ष, चांगला मुरलेला होतो. माझ्या हाताखालची पोरं कधी मागे फिरत नाहीत याचा माज होता मला. त्याची बोटं सोडवली मी दांड्यावरून. एकेक. आणि पाठीवर हात ठेवला. मनगट मोडलं त्याचं. दवाखान्यात त्याची आई आली, घाबरीघुबरी, तर ते पोर माझ्याकडे बघून म्हणतं काय, आई पाय घसरला, सरांनी वाचवलं. आणि ती बाई माझ्या पाया पडायला वाकली. आणि मी पडू दिलं. तो 'थांब'चा नियम मी त्यानंतर आणला, आठवड्याभरात. का आणला हे कोणाला नाही सांगितलं. तुमच्या संस्थेने शाल दिली मला त्याबद्दल.

मग आता सांगा, तो ढकलायला कुठे शिकला? मी त्याला नियम शंभरदा सांगितला, पण ढकलून एकदाच दाखवलं होतं. आणि ते एकदाच लक्षात राहिलं त्याच्या.

नाही, अजून संपलं नाही. ऐका आता पूर्ण, एवढं ऐकलंत तर. जबडा कसा मोडला ते सांगितलंच नाही मी. बरगड्या मोडल्या तेव्हा माझा राग गेला होता, हात खाली आला होता. तर तो तोंडातलं रक्त थुंकला आणि म्हणाला, सर, तुम्हीच म्हणालात ना. — काय म्हणालो होतो मी? खालून ओरडलो होतो. पुटपुटी वर अडकली होती तेव्हा. ऊन चढलं होतं, बाकीची पोरं भुकेजली होती, मान दुखायला लागली होती वर बघून बघून, आणि मी ओरडलो, सरड्या, आटप रे, किती वेळ, आटप आता! एवढंच. आणि मला वाटलं आता सोडेल तो तिला, म्हणून दोर सैल केला. समजलं तुम्हाला? ढकलेल हे मला माहीत होतं. कळत होतं खाली उभं राहून. तिने ज्याच्याकडे बोट केलं होतं, त्यानेच दोर सैल सोडला होता. आणि हे तो सहा पोरांदेखत बोलायला लागला, तुम्हीच म्हणालात, तुम्हीच म्हणालात — म्हणून जबडा फोडला मी त्याचा. त्याने पोरीला ढकललं म्हणून नाही. त्याने बोलू नये म्हणून.

तेव्हा मागून आवाज आला, थांब. पुटपुटी. माझ्या मागोमाग चढून आली होती ती पायवाट, फडकं तोंडाला दाबून. फडकं काढलं आणि ओरडली, थांब. अख्ख्या दरीत गेला आवाज, खाली बाकीच्या पोरांनी ऐकला. मी पण ऐकला. आणि त्यानंतर आणखी दोन ठोसे मारले. मोजून दोन. ऐकल्यानंतर.

झालं. आता काढा तुमचे कागद, वाचा. वाचा की, काय लिहिलंय पोरांनी? द्या इकडे. — … — हे काय आहे? हा तिचा? तिचं अक्षर आहे हे? 'सरडा सरांचा पाय घसरला. आम्ही सगळे तिथे होतो.' एवढंच? आणि हा? 'सरडा सर घसरले.' हा पण. हा पण. सात कागद आणि सातही — कोणी सांगितलं यांना? तुम्ही सांगितलं? मग स्वयंपाकीणबाईंनी? मग कोणी, कोणी शिकवलं यांना हे? पोरं रडत होती का लिहिताना? घाबरली होती का? नाही? आपणहून लिहिलं, पटापट लिहिलं. आणि हा वेडावाकडा कुणाचा, कोंबडीचे पाय उमटल्यासारखा? — सरडा. डाव्या हाताने. जबडा तारांनी बांधलाय म्हणून लिहून दिलं. 'माझा पाय घसरला. सरांनी वाचवलं.' … पाणी आहे का हो तिथे? नको, राहू दे.

म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. मी सांगेपर्यंत.

आणि हा छापलेला कागद कसला? संस्था समाधानी आहे. अपघात. सही केली की प्रकरण मिटलं. सोमवारी चाळीस पोरं माझ्याच हाताखाली येणार. वा! आणि मी आत्ता जे बोललो ते तुम्ही ऐकलंच नाही, असं म्हणताय तुम्ही. छान बोलता हो. आवाजसुद्धा किती मऊ काढलात. खोटं नाही बोलत मॅडम, हात पुढे गेला होता माझा. बघितलंत तुम्ही, गेला होता. मला दुसरं काय येतं हो? हा कडा सोडला तर मी कोण आहे? छप्पन्न वर्षांचा माणूस, गाठी बांधता येणारा. गल्लीत कुत्रं विचारणार नाही.

पण ती सात पोरं आज घरी जातील. कोणी विचारलं तर घसरला म्हणतील, आणि पाच-दहा वर्षांनी त्यातलं एखादं कुठेतरी कोणाच्या पाठीवर हात ठेवेल आणि ढकलेल, आणि समोरचं पोर म्हणेल घसरलो. हे शिकवलं मी त्यांना, त्या एका दुपारी, बांधून बसवून. बाकी आठ दिवसांचं सगळं गेलं चुलीत! — नाही, सही नाही. नाही म्हणलं ना. घ्या तो कागद माझ्या डोळ्यांसमोरून, नाहीतर फाडीन.

हॉर्न वाजला? बस आली वाटतं. मग मला गेलं पाहिजे. पोरं चढायच्या आत गेलं पाहिजे, त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं पाहिजे, सरड्याला मी मारलं आणि पुटपुटीचा दोर मी सैल सोडला. ड्रायव्हर ऐकू दे, स्वयंपाकीणबाई ऐकू देत, कोणालाही ऐकू दे. नंतर पोलीस बोलवा, तुमची संस्था बोलवा, मी इथेच आहे, या दोरांच्या ढिगात. तुम्ही नका येऊ मागे, तुम्हाला बघितलं की ती परत तेच म्हणतील. — काय करताय? दारातून बाजूला व्हा मॅडम. पोरांच्या भल्यासाठी? पोरांच्या भल्याचं मला नका सांगू, बाजूला व्हा. परत वाजला बघा हॉर्न. मॅडम, माझा हात कसा आहे ते आत्ता सांगितलंय तुम्हाला, तुम्ही माझ्या खांद्याएवढ्या, एका हाताने उचलून बाजूला ठेवीन मी तुम्हाला — … — नाही. नाही ठेवणार. घाबरू नका, हे बघा, हात मागे घेतले. ढकलणार नाही मी तुम्हाला. तुम्ही आपण होऊन बाजूला होईपर्यंत इथेच उभा आहे. पण लवकर ठरवा हो, ते इंजिन सुरू झालंय —